सहावी मात्रा

या हकिगतीत मी कुणाचंही नाव घेणार नाही. माझंसुद्धा नाही. ज्यांनी माझं नाव घ्यायचं कबूल केलं आणि घेतलं नाही, त्यांची नावं मी का म्हणून मिरवावीत? हे वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या. मला तो किती वर्षं येतोय, ते कुणी विचारलं नाही.

आमच्या भागात शाहिरी गाण्याची एक रीत आहे. गाणं कितीही लांब असो, शेवटच्या कडव्यात सगळ्यांची हजेरी लागते. कवन कुणी जोडलं, त्याचा गुरू कोण, गाव कुठलं, तुणतुण्यावर कोण, मागं सूर ओढत झील कोण धरतो आणि ढोलकीवर कोण. गाणं ऐकता ऐकता डुलक्या काढणारी माणसंही त्या कडव्याला कान टवकारून बसतात. एका तुणतुणेवाल्याचं नाव चुकून राहिलं तर तो दोन दिवस जेवला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या कडव्यात एकदा, फक्त एकदा, माझं नाव यावं असं मला वाटायचं. बाकी आयुष्यात मी फारसं काही मागितलेलं नाही.

आमचं दुकान सांगलीत, पेठेच्या मागच्या बोळात. दुकान म्हणजे एक खोली आणि पुढं पत्रा. ढोलक्या, मृदंग, तबले, हलग्या, ज्यांचं कातडं फाटलं, सैल झालं किंवा उंदरानं कुरतडलं, ते सगळं आमच्याकडं यायचं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, पुडी बसवायचे, म्हणजे वाद्याच्या तोंडावर नवं कातडं चढवायचे. त्यावर काळी शाई, थरावर थर, प्रत्येक थर दगडानं घासून. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी शाई घोटायला बसले. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा दादा गिऱ्हाईक बघायचा, म्हणजे गिऱ्हाइकाबरोबर चहा प्यायचा.

एकदा वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी कातड्याची पट्टी, ओढताना आरी निसटून आप्पांच्या उजव्या अंगठ्यात घुसली. जखम भरली, पण अंगठा ताठ राहिला. पुडी बसवता यायची, वाजवता यायचं नाही. आणि दुकानाचा नियम असा की वाजवून तपासल्याशिवाय वाद्य बाहेर जायचं नाही. आधी दादाला बसवलं. दादाचा हात गोड होता, पण त्याला दम नव्हता, वाजवायला लागला की कुठं थांबायचं ते त्याला कळायचं नाही. चार ढोलक्या परत आल्यावर आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, तू बस.

मी ठेका रचला नाही. मी ढोलकी तपासत होते. पहिल्या मात्रेला चाट, म्हणजे कातड्याची कड. दुसरीला शाई. तिसरी-चौथीला दोन्ही हात, दोन्ही तोंडं एकमेकांशी जुळतात का बघायला. पाचवीला डाव्या हाताचा घुमारा, तळहात घासून काढलेला मोठा घुमणारा आवाज. आणि सहावी मोकळी. त्या मोकळ्या जागेत हात वर धरायचे आणि ऐकायचं. घुमारा स्वच्छ विरला तर पुडी नीट बसली. मागं बारीक फरफर राहिली तर शाईला तडा आहे किंवा वादी सैल आहे. सातवी-आठवीला परत फिरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला पाच-सहा वाद्यं, प्रत्येकाला पंधरा-वीस आवर्तनं. हळूहळू त्या तपासण्याला चाल आली, एवढंच.

पण पत्र्याखाली बसलेल्या माणसांना ते कुठं ठाऊक? दुष्काळाच्या सालात कवठे महांकाळकडचे एक शाहीर फुटकी ढोलकी घेऊन आले. ते तेव्हा सरकारी कलापथकात होते, खडी फोडणाऱ्या माणसांपुढं बचतीची, छोट्या कुटुंबाची गाणी म्हणायचे. मी त्यांची ढोलकी तपासत होते आणि ते बाकावर बसल्या बसल्या गुणगुणायला लागले. सहाव्या मात्रेला श्वास घ्यायचे आणि सातवीवर शब्द टाकायचे. तीन आवर्तनांत अख्खं धृपद जुळलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"लेकी, ह्या ठेक्यावर गाणं बांधतो बघ. आन् शेवटच्या कडव्यात तुझं नाव घालतो. शब्द हाय माझा."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्या दिवशी शाई घोटताना मी किती वेळा ते कडवं मनातल्या मनात म्हटलं असेल, सांगता येणार नाही.

मग तो ठेका गावाला लागला. सांगलीजवळच्या एका गावातले जैन शेतकरी भजनाचा मृदंग घेऊन आले, ते मोकळ्या मात्रेला तीर्थंकरांचं नाव घ्यायला लागले. रजेवर आलेला एक फौजी यायचा, त्यानं पलटणीवर गाणं केलं आणि त्या जागेला तो बूट आपटायचा. लेझीमवाले तिथं खाली बसून उठायला लागले. एकाच ठेक्यावर चारी दिशांची तोंडं गात होती, आणि प्रत्येकाला वाटायचं ती जागा आपल्यासाठीच सोडलीय. सगळे त्याला दुकानाचा ठेका म्हणायचे. दुकानात कोण वाजवतं, ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. मला वाटलं, दिसतंय तर वेगळं सांगायला कशाला हवं? हाच माझा मूर्खपणा.

पुढं दोन वर्षांनी कोयनानगरहून बोलावणं आलं. धरणाच्या वसाहतीत क्लब होता. तिथल्या पावसानं आणि धुक्यानं क्लबची सगळी वाद्यं ढिली पडली होती, आणि ती सांगलीला आणण्यापेक्षा माणूस तिकडं नेणं सोपं. आप्पा आणि मी एसटीनं गेलो. दादा दुकानात राहिला. घाटात मला उलट्या झाल्या, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं दादानं त्या प्रवासाचं वर्णन करताना घाट किती सुंदर आहे ते सांगितलं.

क्लबात प्रकल्पाचा एक तरुण वायरमन होता. पाटणचा, आमच्यातलाच. क्लबचा स्पूलचा टेपरेकॉर्डर तोच सांभाळायचा आणि दुसरं एक जुनं यंत्र त्यानं स्वतः दुरुस्त करून ठेवलं होतं. त्या आठवड्यात शाहिरांचं कलापथकही तिथं आलं होतं आणि त्यांचा ढोलकीवाला तापानं पडला होता. शाहिरांनीच युक्ती काढली. हिचा नुसता ठेका टेपवर घ्या, म्हणाले, मग ढोलकीवाला असो-नसो, एका यंत्रावर तो लावायचा, समोर गायचं आणि दुसऱ्या यंत्रावर गाणं भरून घ्यायचं.

दुपारची वेळ होती. वायरमननं माझ्यापुढं स्टुलावर माइक ठेवला, उंची नीट केली आणि खिडक्या लावून घेतल्या. मी वाजवायला लागले. मध्येच जमिनीला बारीक धक्का बसला. मोठा भूकंप होऊन गेल्यापासून तिथं असे धक्के नेहमीचेच, कुणी पानावरून उठतही नसे. मी हात थांबवला नाही. पण फळीवरच्या कपबशा किणकिणल्या आणि नेमक्या सहाव्या मात्रेला, लागोपाठ दोन आवर्तनं. वायरमन हसला आणि त्यानं बोटानं खूण केली, चालू दे. अर्ध्या तासाचा ठेका टेपवर भरला.

निघताना मी शाहिरांना कडव्याची आठवण केली. ते म्हणाले, शब्द दिलाय की. आप्पा शेजारीच उभे होते, दोरी गुंडाळत. ते काहीच बोलले नाहीत, आणि मला ते कबुलीसारखं वाटलं.

त्या टेपवर पुढच्या वर्षात कितीजणांनी गाणी भरली असतील! शाहिरांनी पहिलं. मग फौजी रजेवर आला तेव्हा त्यानं. मग भजनवाले, मग साताऱ्याकडचा एक लावणी म्हणणारा, मग निवडणुकीचा प्रचार करणारे. सगळे एसटीनं कोयनानगरला जायचे, वायरमनच्या यंत्रापुढं उभे राहायचे आणि माझ्या हातावर गायचे. गाणी जत्रेत, लग्नात, चित्रपटाच्या तंबूबाहेर वाजायला लागली. आमच्या घरी ना यंत्र ना कर्णा. मला लोकांच्या तोंडून उडत उडत कळायचं. एक बातमी मात्र मला आवडायची. लोक म्हणायचे, त्या ठेक्यात मधूनच झांज कुणी वाजवली हो? मी मनात म्हणायचे, कपबशा आहेत बाबांनो. दादाला कुणी विचारलं की तो म्हणायचा, ते गुपित हाय. मला वाटायचं, बहिणीचं गुपित राखतोय बिचारा.

अशात त्या वायरमनच्या घरून मला मागणी आली. मी खूश झाले, लपवत नाही. माझं रूप बेताचं. पण या माणसानं माझे हात पाहिलेत, मला वाटलं, माझ्यापुढं माइक यानंच ठेवला होता. दुसऱ्या कुठल्याही घरात मी शाई घोटणाऱ्याची पोर म्हणून गेले असते.

लग्न पाटणला, त्यांच्या दारात. प्रकल्पातल्या मित्रांनी यंत्र आणि कर्णे आणले होते. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि कर्ण्यावर शाहिरांचं गाणं लागलं. मी मुंडावळ्या बांधून बसलेली. पहिल्या आवर्तनाला माझी बोटं आपोआप हलली. किणकिण आली तेव्हा मला हसू आलं. कडव्यामागून कडवं सरकत होतं आणि मी उरलेली कडवी मोजत होते, कारण शेवटचं कडवं आता येणार होतं, आणि माझ्या सासरचं सगळं गाव ते ऐकणार होतं.

कडवं आलं. शाहिरांचं नाव आलं, गुरूचं आलं, गावाचं आलं, तुणतुण्याचं आलं. ढोलकीवर म्हणून दादाचं नाव आलं.

मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. पण पंगतीतल्या माणसांनी माना वळवून दादाकडं पाहिलं, आणि दादानं मान खाली घालून हात जोडले. हे त्याचं पहिल्यांदा नव्हतं, ते त्या हात जोडण्यावरूनच कळलं. सरावाचा होता तो नमस्कार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी माझ्याच लग्नात बघितला. आणि माझा नवरा, शेजारी बसलेला, मामंजींना अभिमानानं सांगत होता, हाच आपला ढोलकीवाला मेव्हणा.

मग आग्रह सुरू झाला. मेव्हणं आलेत तर वाजवलंच पाहिजे. कुणीतरी ढोलकी आणून दिली. दादा वाजवायला लागला. चाट, शाई, दोन्ही हात, घुमारा, आणि सहाव्या मात्रेला त्यानं दोन बोटं घातली. प्रत्येक आवर्तनात घातली. त्याला ती जागा मोकळी सोडवेना. लोक माना डोलवत होते. फरक कळणारी तिघंच माणसं त्या मांडवात होती, आप्पा, शाहीर आणि मी. आप्पा मांडवाच्या मेढीकडं बघत होते. शाहीर पानातली बुंदी वेचत होते.

पाठवणीच्या वेळी शाहीर आशीर्वाद द्यायला आले. मी विचारलं, माझं नाव का नाही घातलं? ते म्हणाले, मात्रेत बसेना. माझं नाव तीन अक्षरांचं, दादाचंही तीनच. मी त्यांच्यादेखत बोटांवर मोजून दाखवलं. मग ते आप्पांकडं बघायला लागले, आणि आप्पांना बोलावंच लागलं.

"मीच सांगिटलं त्येंला. पोरीच्या जातीचं नाव गावोगावच्या कर्ण्यावर वाजाय नको. उद्या तमाशातली म्हनतील. तुज्या भल्यासाठीच केलं."

माझ्या भल्यासाठी. म्हणजे ज्यांनी ठरवलं त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, ज्यानं नाव दिलं त्याला ठाऊक होतं, ज्यानं नाव घेतलं त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. मी रडले तेव्हा बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय, रडू दे.

नवऱ्याचा मात्र मी अजून हिशेब धरत नव्हते. कर्ण्यावर जे ऐकलं ते तो बोलला असेल, चारचौघांत बोलावं लागतं, असं मी स्वतःला समजावलं. महिन्याभरानं कपाट झाडताना ती मूळ टेप सापडली. पुठ्ठ्याच्या डब्यावर निळ्या शाईनं, नवऱ्याच्या वळणदार अक्षरात, दादाचं नाव आणि पुढं ढोलकी. संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा मी डबा त्याच्यापुढं ठेवला. मी म्हटलं, माइक तुम्ही कुणापुढं ठेवला होता? तो चिडला नाही, लाजलाही नाही. चहा पीत शांतपणे म्हणाला,

"तुज्या आप्पांनी सांगिटलं तसं लिवलं. तवा तू माजी कोन हुतीस?"

त्याचं म्हणणं मला आजही कबूल आहे. मी तेव्हा त्याची कुणीच नव्हते. पण आता होते, आणि तरी त्यानं ते नाव खोडलं नाही. मी डबा परत कपाटात ठेवला. ढोलकीला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि जवळजवळ दोन वर्षं लावला नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी आप्पा दारात उभे. खांद्याला धोतरात बांधलेली ढोलकी. वाळले होते. पाणी दिलं, भाकरी वाढली. जेवून झाल्यावर त्यांनी गाठ सोडली. दुकानातून गेलेली वाद्यं तक्रारी घेऊन परत यायला लागली होती, म्हणाले. दादा तपासतो, पण त्याला फरफर ऐकू येत नाही. ही ढोलकी शाहिरांची, दोनदा परत आली आहे. परवा साताऱ्यात त्यांचा सामना आहे, समोर दुसरा फड, सगळ्या जिल्ह्याची माणसं. एकदा तुझा हात लागला की मी निर्धास्त होईन, म्हणाले.

त्यांनी ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली. नव्या शाईचा वास आला आणि माझा हात आपोआप कातड्यावर फिरला, हे खरं. माझ्या बापाला माझी गरज लागली होती. त्यानं एवढं म्हटलं असतं की चुकलं पोरी, तर मी ती ढोलकी उलटीपालटी करून शाईचा कणन्‌कण तपासून दिला असता. मी वाट बघितली. ते माझ्या हातांकडं बघत होते, तोंडाकडं नाही.

मी वाजवायला लागले. चाट, शाई, दोन्ही हात, घुमारा. आणि सहाव्या मात्रेला दोन बोटं घातली. पुन्हा घातली. दहा आवर्तनं मी तशीच भरून काढली. आप्पांनी हात वर केला.

"जागा का न्हाई सोडलीस?"

"दादाचा ठेका हाय न्हवं, आप्पा. त्यो सोडत न्हाई."

त्यांनी एक वादी उगीच ओढून बघितली. मग म्हणाले, ढोलकी बरी आहे एवढं तरी सांग. मी म्हटलं, ज्याचा ठेका त्याला विचारा. खोटं मी बोलले नाही. पण माझ्या बोटांना ते पहिल्याच आवर्तनात लागलं होतं. कडेजवळ शाईला केसाएवढा तडा होता. जोरात वाजवली तर तास-दोन तासांत उकलणार होती, आणि मी ते पोटात ठेवलं. ज्या कामानं मला वाढवलं त्या कामाशी मी त्या दिवशी बेइमानी केली. मला त्याची लाज वाटते. आणि तरीही त्या क्षणी बरं वाटलं, तेही लिहून ठेवते.

मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. पिशवी मी घेतली, ढोलकी त्यांनी दिली नाही. गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा मिळाली, त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरची वाट बघत बसले. मी खाली उभी. मग त्यांनी धोतराची गाठ जराशी सोडली, डाव्या तळहातानं एक घुमारा काढला, आणि हात वर धरून थांबले.

स्टँडवर एवढा गलबला होता, पण त्यांना ती फरफर ऐकू आली. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी खिडकीतून माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली नाही. ते काही बोलायला लागले तेवढ्यात गाडी सुरू झाली.